वाळूतली हाक

कडोलीच्या वेशीत ज्योतिबानं रवळूचं घर विचारलं, तशी पारावरची माणसं गप्प झाली. एकानं त्याचा खाकी कोट वरखाली न्याहाळला आणि सरकारातनं आलाय काय म्हणून विचारलं. ज्योतिबा म्हणाला, आपण निपाणीकडचे. लढाईत रवळूबरोबर एकाच ट्रकवर होतो. शेवटी एका म्हाताऱ्यानं हातानंच गल्ली दाखवली.

खरं तर विचारायची गरज नव्हती. दारात शेवगा, परड्यात कडब्याची गंजी, मागं रताळ्याचा मळा. लिबियाच्या वाळवंटात बसून रवळूनं हे घर इतक्यांदा सांगितलं होतं की ज्योतिबाला ते आपलंच वाटायला लागलं होतं. त्याचं स्वतःचं घर प्लेगात कधीच बसलं होतं. लढाई संपून वर्ष झालं, तरी त्याचा पाय इकडं वळत नव्हता. जे सांगायचं होतं, ते सांगायला धीर होत नव्हता.

नागुबाईनं, रवळूच्या आईनं, घोंगडं अंथरलं. तो कोण ते कळल्यावर ती नुसती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. अंगणात एकजण अंबाडीचं चऱ्हाट वळत बसला होता. चेहरा हुबेहूब रवळूचाच, जरा थोराड.

"तू भरमा न्हवं?" ज्योतिबानं विचारलं.

त्या माणसानं मान खाली घातली. भाऊ लई लाजाळू आहे, हे रवळूनं सांगितलेलंच होतं.

रवळूची बायको जयाबाई गुळाचा चहा घेऊन आली. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, हातात हिरवा चुडा. सरकारनं कळवलं होतं ते एवढंच, की शिपाई बेपत्ता आहे. त्या एका शब्दाच्या आधारावर ही बाई इतकी वर्षं वाट बघत बसली असणार. तिच्या पदराला धरून एक चिमुरडी उभी होती. या पोरीबद्दल रवळू कधी अवाक्षर बोलला नव्हता. बायकोबद्दलही नाही. बाकीचे शिपाई बायकांना पत्रं लिहून घ्यायला रांग लावायचे, तेव्हा हा लांब जाऊन बसायचा. विचारलंच तर म्हणायचा, आईला आणि भरमाला माझं बरं हाय म्हणून कळीव. ज्योतिबाला ते कधी आवडलं नव्हतं. आज या बाईसमोर तर जास्तच लागलं.

"कसा ऱ्हायचा तिकडं?" नागुबाईनं विचारलं.

मग ज्योतिबाची जीभ सुटली. रस्ता नाही, मैलाचा दगड नाही, झाड तर औषधालाही नाही. पाच ट्रक एकामागं एक निघायचे. चारी चाकांना जोर असलेल्या गाड्या, तरी मऊ वाळूत रुतायच्याच. मग टायरातली हवा कमी करायची, चाकांखाली लोखंडी पत्रे सारायचे आणि सगळ्यांनी खांदा लावायचा. गाडी वर निघाली की रवळू लहान पोरासारखा हसायचा. टेकाडावर चढलं की मूठभर वाळू उचलून हुंगायचा आणि म्हणायचा, जोत्या, ह्यात रताळी लावली तर येत्याल काय रं?

सांगता सांगता ज्योतिबा थांबला. आता तो निपाणीत तंबाखूच्या लॉरीवर होता. डांबरी सडक, दोन्ही बाजूंना झाडं. चालवताना कधी कधी हात आपोआप शेजारच्या बाकाकडं जायचा, कुणाच्या तरी खांद्यावर थाप मारायला. बाक मोकळा असायचा.

"आन् शेवटाला?" म्हातारीनं विचारलं.

त्यासाठीच तो आला होता. त्यानं जयाबाईकडं बघायचं टाळलं. गाडी चाकांच्या आसापर्यंत रुतली होती, त्यानं सांगितलं. रवळू घट्ट जमीन बघायला पायी पुढं गेला. तेवढ्यात वाळूचं वादळ आलं. पिवळी भिंत चालून यावी तसं. स्वतःचा हात दिसेना.

"मी भोंगा दाबला. मग खाली उतरून हाका मारल्या," ज्योतिबा म्हणाला. "त्यो कानानं जरा जड. पहिल्या हाकेला कधी ओ द्यायचा न्हाय. समदी त्याला बहिरा म्हणायची. म्हणून घसा फुटंस्तोवर वरडत ऱ्हायलो."

"काय म्हणून हाक मारलीस?"

ज्योतिबाला प्रश्न कळला नाही. "नावानंच की, आई. रवळू, रवळू म्हणून."

नागुबाईनं पदर तोंडावर घेतला.

"माझ्या पोराचं कान चांगलं हुतं, बाबा," ती म्हणाली.

आईचं मन आहे, ज्योतिबानं मनाशी म्हटलं. वादळ निवल्यावर सगळ्यांनी मिळून शोधलं, पण मागमूस लागला नाही, हेही त्यानं सांगून टाकलं. आता आशा धरू नका, एवढंच शब्दात म्हणायचं राहिलं. जयाबाई पोरीला पोटाशी धरून भिंतीला टेकली होती. तिचे डोळे भरले होते, पण ती बघत होती ती अंगणाकडं.

चऱ्हाट वळणारा माणूस उठून आला आणि ज्योतिबाच्या पायाशी बसला. त्याचे खांदे गदगदत होते. ज्योतिबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नगंस, भरमा. तुझी लई आठवण काढायचा त्यो. भरमाला सुखात ठेव म्हणून देवाला सांगायचा रोज."

त्या माणसानं तोंड वर केलं.

"भरमा तिकडंच ऱ्हायला, अण्णा," तो म्हणाला. "भरतीत नाव माझं लागलं हुतं, त्या नावानं माझ्या जागी गेला त्यो. रवळू मी."