खोटं खोटं गाऱ्हाणं

घरापुढच्या खळ्यात देऊळ मांडून झालं होतं. जांभा दगड देव झाला, करवंटी नारळ झाली आणि पाच वर्षांची संस्कृती गुरव. मोत्या कुत्रा मानकरी. तिने रिकामी मूठ पुढे केली की तो लबाडही प्रसाद मिळाल्यासारखा तळवा चाटत होता.

"आजी, तू पण ये. मी गाऱ्हाणं घालणार, तू व्हय म्हाराजा म्हणायचं."

गोदा आमसुलं वाळत टाकत होती. लाल हात पदराला पुसून, दुखरा गुडघा लांब करून ती नातीसमोर बसली.

करवंटी कालच्याच नारळाची. "आई, तुझ्या गुडघ्यासाठी देवाला सांगून येतो," म्हणत संदेश काल बायको-लेकीला घेऊन देवळात गेला होता. नारळ गोदाने स्वतः सोलून दिला. मुंबईला गेला म्हणून सगळ्यांचाच मुलगा आईला विसरत नाही, हे आज सकाळी तिने शेजारच्या सगुणेला चांगलं ठणकावून सांगितलं होतं.

संस्कृतीने हात जोडून आवाज जाड केला. "बा देवा म्हाराजा! हा नारळ ठेवलाय तो मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा!" गोदा खणखणीत बोलली.

"मुंबईच्या लेकरांना सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा!"

"वरची आंब्याच्या कलमांची बाग लवकर विकली जाऊ दे."

"व्हय म्हाराजा!" सवयीने तोंडातून गेलंच.

"आईचा अंगठा भांडण न होता कागदावर उठू दे."

मोत्याची शेपटी तेवढी हलली.

"आजी, व्हय म्हण ना!"

"हे कुठनं शिकलीस गो?"

"काल गुरवकाका असंच बोलले. मम्मी-पप्पा व्हय म्हणाले."

"नि माझा गुडघा?"

संस्कृतीने आठवून पाहिलं. "गुडघा नव्हता त्यात."

त्या कलमांना कातळावर हंड्याने पाणी घालघालूनच तो गुडघा गेला होता. काल संदेशने प्रसादाच्या नारळाचं अर्धं भकल तिच्या हातावर ठेवलं. तिने ते कपाळाला लावलं, त्याची चटणी वाटली, आणि पहिली त्यालाच वाढली.

संदेश चहाचा कप घेऊन खळ्यात आला. "काय चाललंय आजी-नातीचं?"

"देवळात आलोत. बस." गोदाने करवंटी त्याच्यापुढे सरकवली. "तुझ्या लेकीचं गाऱ्हाणं अडलंय. पुढचं तू घाल. मी व्हय म्हणायला बसलेय."

संदेशने लेकीकडे पाहिलं. मग करवंटीकडे. आईकडे काही त्याची नजर वळेना.

"पप्पा, घाला ना," संस्कृतीने त्याला धीर दिला. "खोटं खोटंच तर आहे."