वयाचा मेळ

गोकुळने खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, माणूस म्हातारा कशानं दिसतो?"

त्वचेच्या डॉक्टर असलेल्या सुलेखांना हसू आलं. त्यांच्याकडे येणारे सगळे सुरकुत्या घालवणाऱ्या इंजेक्शनाचं नाव घेऊनच यायचे. मुळाशी हात घालणारा हा पहिलाच. गोकुळ फुलंब्रीचा, शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला. वय अडतीस, चेहरा अजून पोरसवदा. याला कसली एवढी काळजी, असं त्यांनी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "तिचं-माझं वय जुळत नाय. संगं निघालो की लोक बघत्यात, हसत्यात. आता ती घराबाहेरच पडंना."

बायको कोवळी असणार, बाईंनी ताडलं. अशी जोडपी त्यांनी ढिगाने पाहिली होती. जाहिराती काहीही म्हणोत, वय मागे नेणारं औषध अजून निघालेलं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आपल्या हातात एवढंच: तोंड न झाकता उन्हात हिंडू नये, बिडी ओढू नये, झोप मोडू नये, वजन एकदम उतरवू नये. आणि दात जपावेत, दात गेले की गाल बसतात. गोकुळने सगळं कागदावर उतरवून घेतलं. दातांचं तर दोनदा विचारलं.

फरक कधी दिसेल, मला घाई आहे, असं तो जाताना म्हणाला. वर्ष तरी लागेल, बाई म्हणाल्या. त्यांनी दिलेलं मलम तो टेबलावरच विसरला.

वर्षाने तो आला, तेव्हा बाईंनी त्याला ओळखलंच नाही. कातडी रापून सुरकुतलेली, बोटं बिडीने पिवळी, वरचे सगळे दात गायब. जे जे करू नका म्हटलं, तेच नेमकं या माणसाने केलं होतं. बाईंचा संताप झाला, पण त्याहून जास्त भीती वाटली, कारण तो समाधानाने हसत होता.

"तुमचा कागद लई कामाला आला, मॅडम. आता ती निघती माझ्यासंगं. आज आणलीय."

त्याने दार उघडून हाक मारली. डोक्याला रुमाल गुंडाळलेली एक बुटकी म्हातारी भिंत धरत आत आली. भुवया झडलेल्या, हात काडीसारखे, मानेवर निळ्या शिरा.

बायको वयाने मोठी होती तर! बाई ओशाळल्या. त्या आदराने उठल्या आणि "या, बसा," म्हणत त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली.

"तिला अहो-जाहो नका करू, मॅडम," गोकुळ म्हणाला. "माझी लेक हाय. पुढच्या आठवड्यात अकरावं लागंल."