सीताक्काचा हात

पीठ वाटायचं यंत्र आलं त्याच्या चौथ्या दिवशी निरोप आला तेव्हा सीताक्का हातातलं काम टाकून तशीच निघाली. विजयलक्ष्मीकडचं इडलीचं पीठ दोन दिवस फुगलं नाही, अक्कांनी जरा येऊन जावं, एवढाच निरोप. म्हणजे यंत्र हरलं! अड्यारच्या भर उन्हात तिने वाटेतल्या पिळ्ळैयार गणपतीला दोनदा हात जोडले. दुसऱ्याच्या इडल्या बिघडल्या म्हणून देवाचे आभार मानू नयेत, हे तिलाही कळत होतं. पण तिला आनंद झाला होता, आणि तो काही केल्या आवरत नव्हता.

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि तिचा चेहरा उतरला. यंत्र चालूच होतं. कोयंबतूरहून आणलेलं, पिंपाएवढं, पोटातला दगड गरागरा फिरवत घर डोक्यावर घेणारं. मागच्या दाराशी तिचा दगडी रगडा होता. बावीस वर्षं ती रोज त्याच्यासमोर बसून पीठ वाटत आली होती. आता त्याच्या खळग्यात कावळ्यांसाठी पाणी भरून ठेवलं होतं.

"दुकानवाला म्हणतो, मशीन नुस्तं वाटतं," विजयलक्ष्मी तिच्याकडे न बघता म्हणाली. "मीठ घालून हातानंच कालवायला पाहिजे, म्हणे. मी कालवलं, अक्का. दोन दिवस कालवलं. माझ्या हाताला मावु पोंगतच नाही. तुमचा हात वेगळा."

एकीच्या हाताला पीठ फुगतं आणि दुसरीच्या फुगत नाही, यावर तंजावरकडच्या या सगळ्या बायकांचा विश्वास. आणि सीताक्काचा हात तर पाच घरांत नावाजलेला.

"मग वाटते पण मीच की," सीताक्का म्हणाली. "मशीनमध्ये मावु तापतं गे. ते देऊन टाक परत."

"कसं देऊ? यांनी सगळा बोनस घातलाय त्यात. आणि उद्या सकाळी त्या चारी घरच्या बायका बघायला येतात. इडल्या खाऊन मग त्या पण..."

विजयलक्ष्मीने जीभ चावली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

ती चार घरं आणि हे पाचवं. सीताक्काचा संसार एवढ्यावर चालला होता. चार घरांतून थोडे थोडे पैसे, आणि या घरून रोज अर्धा तांब्या पीठ. रेशनवर तांदूळ मिळेनासा झाल्यापासून ती आणि तिची लेक भवानी त्या अर्ध्या तांब्यावरच होत्या. भवानी यंदा अकरावीत होती. पाचही घरं सुटली, तर शाळेतून तिचं नाव काढायचं आणि तिलाही कुणाच्या तरी चुलीपुढे नेऊन बसवायचं, दुसरं काय?

"विजया, आजचं एक पीठ मी रगड्यावर वाटते. फुकट वाटते. उद्या दोन्हीच्या इडल्या लाव आणि त्यांना सांग, खाऊन बघा."

"अक्का, नको ना आता..."

"तुझे पाय धरू का गे?"

विजयलक्ष्मीने यंत्र बंद केलं. घर एकदम गप्प झालं. तिने पीठ मोठ्या पातेल्यात काढलं, सीताक्कापुढे ठेवलं आणि शेजारी खडेमिठाची वाटी ठेवली. मग ती उगाच फडताळातले डबे नीट लावत बसली. तिलाही रडू येत होतं.

सीताक्का पातेल्यासमोर बसली. काही करायची गरजच नव्हती. मीठ चिमूटभरच टाकावं, बोटांच्या टोकांनी वरवर ढवळावं, उठावं. उद्या पीठ थंड गोळ्यासारखं पडून राहील, त्या चौघी नाकं मुरडत घरी जातील, आणि परवा पाचही घरांतून बोलावणं येईल. कुणाला कळणार होतं? तिने चिमूटभर मीठ टाकलं. बोटं बुडवली.

पीठ लोण्यासारखं होतं. एक कण हाताला लागत नव्हता. इतकं बारीक तिने जन्मात वाटलं नव्हतं, आणि ते मेलं यंत्राने केलं होतं, म्हणून तिला संताप आला. पण पीठ गरम होतं. असंच ठेवलं तर नासेल. आणि उडीद तळाशी बसला होता.

"माठातलं गार पाणी आण," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो हे तिला मागून कळलं.

मग उरलेलं मीठ पातेल्यात गेलं. हात कोपरापर्यंत आत गेला, तळापासून वर, तळापासून वर, रोज जायचा तसा. तो थांबावा असं तिला वाटत होतं. तो थांबला नाही. पीठ एकजीव झालं, तेव्हाच तो बाहेर आला.

"पोंगेल ना, अक्का?" विजयलक्ष्मीने हळूच विचारलं.

सीताक्काने बोटांना चिकटलेलं पीठ निपटून पातेल्यात सोडलं. तिने हात धुतला, पदराने पुसला.

विजयलक्ष्मीने तिचा तांब्या घेतला आणि त्याच पिठाने भरला. रोज अर्धा भरायची, आज काठोकाठ भरला. वर आणखी एक पळी घालत म्हणाली, "आज घ्या, अक्का. सगळं घ्या."

सीताक्का तांब्याकडे बघत राहिली. घरी भवानी वाट बघत होती. तिने तांब्या उचलला, पातेल्यावर तिरपा केला आणि अर्धं पीठ परत ओतलं.

"एवढं भरू नये," ती म्हणाली. "सकाळपर्यंत उतू जाईल."