लाल टाचणी

“बाबा, इथून आपण कधी निघायचं?” हे घरी विचारायची तुझी छातीच होणार नाही, अशी शाळेतल्या मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती. तिने जेवताजेवता विचारूनच टाकलं.

बाबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांना गिऱ्हाइकं मिळवून देणारं आईबाबांचं ॲप आता चार देशांत पोचलं होतं. नव्या देशावर आधी लाल टाचणी लागायची. वर्षभर गिऱ्हाइकं टिकली, की बाबा ती काढून हिरवी लावायचे आणि बिऱ्हाड पुढच्या देशात हलायचं.

“इथली आजच हिरवी केली. शाळा संपली की निघू,” बाबा म्हणाले. “वेळ लागला, पण घाई करायची नाही. नीट बस्तान बसल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही, हा आपला नियमच आहे.”

“आणि तुझं काय, तू कुठेही पटकन रुळतेस,” आई कौतुकाने म्हणाली.

“रुळत नाही गं आई. रुळायला लागते, तेवढ्यात आपण सामान बांधतो.”

ती उठली. डबीतून एक लाल टाचणी काढून तिने ती बाबांच्या हिरव्या टाचणीला अगदी खेटून लावली.

“ही माझी. चार देश झाले, माझी अजून एकही हिरवी झालेली नाही.” तिने डबीचं झाकण लावलं. “शाळेच्या वसतिगृहात एक खाट रिकामी आहे, मी चौकशी करून आलेय. तुम्ही दोघं पुढे व्हा. मी नियमाने चालणार आहे.”