अनुकूल सत्यम, प्रतिकूल बुद्धप्रिया

"सून म्हटल्यावर थांब," बुद्धप्रिया म्हणाली. "लगेच पुढं पळू नको."

लातूरच्या एका कॉलेजात, सभागृहाबाहेरच्या नळापाशी उभं राहून सत्यम पाठांतर करत होता. त्यानं पुन्हा सुरुवात केली. "कपाशीचं बियाणं आपल्याला संकरित पाहिजे. गोठ्यातली गाय संकरित पाहिजे. सून मात्र..." तो थांबला. "सून मात्र गावरानच पाहिजे!"

"हां. इथं टाळ्या येतील."

"आप्पा वाजवतील का?"

"त्यांच्यासाठीच तर लिहिलंय."

आप्पा म्हणजे सत्यमचे वडील, आप्पासाहेब. कंधारजवळच्या गावाहून ते पहिल्यांदाच मुलाची स्पर्धा ऐकायला आले होते. कपाशी त्यांचीच, संकरित गायही त्यांचीच. परीक्षकांच्या मागच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून ते केव्हाचे बसले होते.

विषय होता, आंतरजातीय विवाहानेच जात संपेल. वादविवादाची रीत अशी की एका कॉलेजातून दोघांनी यायचं. एकानं अनुकूल बोलायचं, दुसऱ्यानं प्रतिकूल. दोघांच्या गुणांची बेरीज ज्यांची जास्त, त्यांना सांघिक ढाल. म्हणजे एकाच कॉलेजनं एकाच दिवशी एक गोष्ट खरीही ठरवायची आणि खोटीही. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

नांदेडला त्यांच्या कॉलेजात बाजू वाटायचं काम बिराजदार सरांचं.

"सर, मला अनुकूल बोलायचंय," बुद्धप्रिया तेव्हाच म्हणाली होती.

"तू अनुकूल बोललीस तर परीक्षक म्हणणार, ही बोलणारच. पाटलाघरचं पोरगं अनुकूल आणि तू विरोधात, असं केलं की परीक्षक दचकतो. दचकलेला परीक्षक सढळ हातानं मार्क देतो."

"आणि मला खरंच काय वाटतं ते?"

"ते बक्षीस समारंभानंतर."

दोन्ही भाषणं तिनंच लिहिली. नेहमी तीच लिहायची. सत्यमकडे आवाज होता, उंची होती, हात कुठं उचलायचा याची जाण होती. तो तिला प्रिया म्हणायचा. पूर्ण नाव लांब पडतं म्हणे. भाषणात 'समाजपरिवर्तनशीलता' मात्र एका दमात जायची.

दोघांचं आपसात लग्नाचं ठरलं होतं. इस्लापूरला तिनं घरी सांगूनही टाकलं होतं. तिच्या वडिलांनी, लिंबाजींनी, आठवडाभर बोलणं टाकलं. मग म्हणाले, "त्यांच्याकडून मोठं माणूस येऊ दे. मग बघू."

मोठं माणूस म्हणजे आप्पासाहेब. त्यांना सांगायला सत्यम कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून योग्य वेळ शोधत होता. शेवटी त्यानंच तोडगा काढला. "आधी आप्पांना भाषण ऐकवू. ढाल मिळाली की तिथंच सांगतो. ढाल घेऊन उभ्या असलेल्या पोराला कोण मारतंय?"

सत्यमचं भाषण झकास झालं. सून म्हटल्यावर तो थांबला. गावरानला टाळ्या पडल्या. आप्पासाहेबांची टोपी खाली पडली, ती त्यांनी उचललीसुद्धा नाही.

मग तिची बारी. हे भाषण तिला खरं तर थोडं कच्चं ठेवायचं होतं. पण गुणांची बेरीज होती. भाषण कच्चं राहिलं तर ढाल गेली, आणि ढाल गेली तर सत्यमची योग्य वेळही गेली. म्हणून तिनं होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलं होतं.

"अध्यक्षमहोदय, लग्नानं जात संपत नाही. ती नवरीसोबत सासरी जाते. अशा लग्नात मुलगा सुधारक होतो. मुलगी काय होते, ते त्याच्या गावात जाऊन ऐका. पाहुणे आले की तिला सांगतात, आतच बस. कुणी नाव विचारलं तर अर्धंच सांग. जळायचं दोघांनी, आणि उजेड पडला म्हणून भाषण करायचं तिसऱ्यानं!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. निकाल सांगताना परीक्षक म्हणाले, "या मुलीच्या मुद्द्यांना आमच्याकडेही उत्तर नाही." पहिली बुद्धप्रिया, दुसरा सत्यम, ढाल नांदेडला. फोटोत ढाल सरांनी धरली. फोटो झाल्यावर उचलायला सत्यमकडे दिली.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली आप्पासाहेब थांबले होते.

"बुद्धप्रिया, न्हाई का?" ते म्हणाले. मघाशी माईकवर पुकारलं होतं तसं, पूर्ण नाव. "ह्याच्या फोनातली प्रिया ती तूच ना?"

तिनं सत्यमकडे पाहिलं. सत्यम ढालीवरची अक्षरं वाचत होता.

"भिऊ नको, पोरी. म्या काय आंधळा हाय का? कवाचं बघून राहिलो. हे पोरगं सांगंना, म्हणून म्याबी इचारलं न्हाई. पण आज त्यो बोलला आन् लई लागलं बघ. गाईचं तर लईच." त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. "ह्याची माय रडंल. भावकी बोलंल. बोलू दे. भावकी काय माझी कपाशी येचाया येती का? तुझ्या वडलांला सांग, येत्या आयतवारी म्या इस्लापूरला येतो. बोलणी करून टाकू."

कुठल्याही व्यासपीठावर न अडखळणारी बुद्धप्रिया "हाव, काका," एवढंच म्हणाली, तेही दोनदा.

"आता तू बोल की रे," आप्पासाहेब सत्यमकडे वळले. "तिथं तर लई बोलत होता."

सत्यमनं ढाल या हातातून त्या हातात घेतली.

"आप्पा, ती सरांनी दिलेली बाजू होती," तो म्हणाला. "मला प्रियाची विरोधातली बाजू पटली."