अकरावा रोजा

सॉसमध्ये मीठ बरोबर पडलंय का, हे शहनाझला चाखून बघता येत नव्हतं. रोजा होता. तिने सबाला हाक मारली. तेरा वर्षांची पोर आली, चमचा चाटला, "इट्स फाइन, अम्मी," म्हणाली आणि पुन्हा आपल्या खोलीत गेली. चार महिन्यांपासून या घरात सगळं फाइनच होतं.

रमजान केव्हाच संपला होता. आणि हा रोजा शहनाझचा नव्हताच मुळी. तो अर्शचा होता, तिच्या मुलाचा. एकोणीस वर्षांचा अर्श ईदनंतर अठरा दिवसांनी मित्राच्या गाडीतून शारजाला घरी येत होता. पुढे ट्रक उभा होता. बस्स, एवढंच.

या जगातून जाताना त्याच्या अंगावर अकरा रोजे राहिले होते. ही गोष्ट घराबाहेर कुणाला माहीत नव्हती.

रमजानात त्याची जीन्स धुवायला टाकताना खिशात तिला बिलं सापडली होती. दुबईत ते स्वीडिश फर्निचरचं मोठं दुकान आहे ना, तिथल्या रेस्टॉरंटची. अकरा दिवसांची अकरा बिलं, वेळ दुपारी एक-दीडची. मीटबॉल, एक प्लेट, पार्सल. म्हणजे आपले कोफतेच, पण क्रीमच्या पांढऱ्या रश्शातले. भर रमजानात, भर दुपारी!

शहनाझने इफ्तारच्या वेळी सगळ्यांदेखत बिलं त्याच्यापुढे टाकली. अर्शने एकदा अब्बांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिचा नवरा हमदुल्ला खजुराची बी बशीत ठेवत राहिला. मग शहनाझच बोलली, आणि नको ते बोलून गेली.

"ज्याला अल्लाची लाज नाही, त्याने माझ्या दस्तरखानावर बसू नये."

अर्श उठला. उरलेले दिवस तो मशिदीच्या मंडपात जाऊन रोजा सोडायचा. ठेवतच नाही तर सोडतो काय, असं तेव्हा ती फणकाऱ्याने म्हणाली होती. आता ते वाक्य आठवलं की तिला आपलीच जीभ उपटून टाकावीशी वाटायची.

हमदुल्लाचं नाव मोठं होतं. अल कुसैसमध्ये गोदामाचा मॅनेजर, वर गावच्या जमातीचा दुबईतला सेक्रेटरी. या रमजानच्या आधी शुगर तीनशेच्या वर गेली तेव्हा डॉक्टरने रोजे बंद करायला सांगितलं होतं. पण त्याने भरल्या बैठकीत ऐकवलं की चाळीस वर्षांत एक चुकला नाही, आता काय चुकवतो! लोकांनी माशाल्ला म्हटलं. अर्शचं कॉलेज त्याच्या ऑफिसच्या जवळच, त्यामुळे बापलेक रोज एकाच गाडीतून जायचे आणि ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास अडकून परत यायचे. अशा बापाच्या पोटी असा मुलगा कसा निपजला, हे कोडं तिला सुटलं नव्हतं.

अर्शचा चाळिसावा दिवस झाल्यावर तिने रत्नागिरीला मौलवी नूरुद्दीनना फोन लावला. ते म्हणाले, आपण शाफई पंथाचे लोक, गेलेल्याचे राहिलेले रोजे त्याचा वारस ठेवू शकतो. ऐकून ती कितीतरी दिवसांनी हमसून रडली. करण्यासारखं काहीतरी अजून शिल्लक होतं.

हमदुल्लाने मात्र नको म्हटलं. फिदया देऊन टाकू, गरिबांना जेवू घालू, या ऑगस्टच्या उन्हात जीव कशाला काढतेस, असं त्याने दोन-तीनदा समजावून पाहिलं.

"जेवणावरून मीच त्याला उठवलं," शहनाझ म्हणाली. "आता उपाशीही मीच राहणार."

त्यानंतर त्याने तो विषय सोडला. पण रोज संध्याकाळी मगरिबच्या अजानआधी घरी यायचा आणि तिच्यासमोर येऊन बसायचा. त्याचा तिला फार आधार वाटायचा.

आज शेवटचा. आज अर्शच्या आवडीचं करायचं तिने ठरवलं होतं. दुधात भिजवलेला पाव, परतलेला कांदा, जायफळ आणि पांढरी मिरी घालून तिने खिमा मळला. लिंबाएवढे गोळे वळून बटरमध्ये तळले. दोन फुटले, ते तिने बाजूला काढले. मग त्याच कढईत मैदा भाजून, मटणाची यखनी आणि क्रीम ओतून ती सॉस ढवळत राहिली. दुपारपासून तिचं डोकं गरगरत होतं.

एका गोष्टीचा तिला उलगडा होत नव्हता. प्रत्येक बिलावर लिहिलं होतं, नो मॅश, नो जॅम, म्हणजे कुस्करलेला बटाटा नको आणि जॅमही नको. आणि अर्श तर मटणाच्या रश्शातला बटाटा आधी वेचून खाणारा. जिमचं खूळ असेल, असं म्हणून तिने बटाटे उकडले आणि भरपूर लोणी घालून कुस्करले.

"आज तरी पोटभर खा रे," ती म्हणाली. सबा दारात उभी होती. ती ऐकून तशीच परत गेली.

अजान झाली. तिघं बसली. शहनाझने खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायली आणि तिघांना वाढलं. मग तिने हात वर केले.

"या अल्ला, माझ्या अर्शचे अकरा पूर्ण झाले. आता त्याला काही विचारू नकोस."

सबाने आमीन म्हटलं. हमदुल्लाने म्हटलं नाही. त्याने मीटबॉलचा एक तुकडा खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिला. मग चमच्याने सगळा बटाटा ताटाच्या कडेला सारला.

"का हो, बिघडलाय का?" शहनाझने विचारलं.

"नाही," तो ताटाकडे बघत म्हणाला. "अर्श माझ्यासाठी आणायचा, त्यात बटाटा नसायचा."