बँकेचा मेसेज

त्याला दिसत नाही, म्हणून त्याचा फोन त्याला सगळे मेसेज वाचून दाखवतो. तेही इतक्या वेगाने, की डोळस माणसाला ती नुसती किरकिर वाटावी. त्याला मात्र सवयीने शब्द न् शब्द कळतो. त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हेडफोनची भानगड त्याने कधी ठेवलीच नाही. बायको शेजारी भाजी निवडत बसलेली असली, तरी तो बिनधास्त ऐकायचा.

परवा धाकट्या बहिणीचा मेसेज आला. "दादा, रविवारी जेवायला येतेय. पण वहिनीला सांग ना, मीठ जरा सढळ हाताने घाल म्हणावं. मागच्या वेळी कसंबसं गिळलं रे!"

तो गालातल्या गालात हसला.

"कोणाचा हो?" बायकोने विचारलं.

"बँकेचा. नेहमीचंच."

"फारच काळजी बाई तुमच्या बँकेला," म्हणत ती पुन्हा शेंगा सोलायला लागली.

रविवारी सगळे जेवायला बसले. बायकोने नणंदेच्या ताटाशेजारी मिठाची अख्खी बरणी आणून ठेवली.


"घ्या वन्सं, अगदी सढळ हाताने. बँकेचा मेसेज आला होता."